रुसवा, शून्य ते शंभर

मूळ गेममध्ये आमच्या देसाईचा मुलूख
बोटाच्या पेराएवढा, एकाच रंगात सपाट भरलेला.
निष्ठा: ऐंशी. बस्स.
कुठल्या थंड देशात बसून केलाय कोण जाणे,
त्यांना कोण सांगणार
की ऐंशी हा आकडा आमच्यात
लग्नाच्या पंगतीतसुद्धा टिकत नाही.

म्हणून मी फाईल उघडली.
वडगावात, मागच्या खोलीत,
भिंतीपलीकडे दोन माग खटक्‌खटक्‌ चाललेले,
आणि हेस्कॉमची लाईट जायच्या आत
देसाईच्या त्या एका रंगाचे पाच धागे उसवले:
थोरली पाती, धाकटी पाती,
दत्तकाला न मानणारी विधवा,
कानडीत जमाखर्च अन्‌ मोडीत पत्रं लिहिणारा कारकून,
आणि किल्लेदार, जो सगळ्यांनाच ‘होय की’ म्हणतो.

प्रत्येकाला एक आकडा हवा होता.
त्याला नाव काय द्यावं, दोन दिवस सुचेना.
असंतोष फार पुस्तकी. बंड फार उशिराचं.
मग लिहिलं: रुसवा.
शून्य ते शंभर.
चाळिशीला माणूस जेवायला येत नाही.
साठीला निरोप्याला दारातच उभं करतो.
नव्वदीला काहीच करत नाही,
फक्त रात्री दिंडीचा अडसर लावायला विसरतो.

पोरं विचारतात, नकाशात सीमा सरकवलीस काय रे?
नाही.
सीमेला मी हात लावलेला नाही.
कंपनीनं मारलीय तिथंच आहे ती.

चाचणीला शंभर वर्षं आपोआप पळवली.
किल्ला एकविसाव्या वर्षी पडला.
पुन्हा पळवली, नवव्या वर्षी.
तिसऱ्यांदा फौज मलप्रभा ओलांडायच्या आधीच
दार आतून उघडं.
पहाटेपर्यंत ओळीन्‌ओळ चूक शोधत राहिलो.
इराण्णा हुद्दार कानडी मजकूर करायला आलेला,
कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन म्हणाला,
‘चूक कुठाय ह्यात? बरोबरच चाललंय की.’

एक प्रसंग मी सगळ्यात आधी लिहिला होता.
जत्रेत मानाचा नारळ कोणाला?
एक, थोरल्या पातीला.
दोन, धाकट्या पातीला.
तीन, काही बोलू नये.
तिसरा सगळ्यात महाग ठेवलाय,
खेळताना तसं दिसत नाही.

हे कुठनं उचललं ते आबांना सांगितलेलं नाही.
एकाच वॉर्डात, एकाच झेंड्याखाली दोन अर्ज,
आबांचा आणि परशुकाकांचा.
कारण अकरा वर्षांपूर्वी सभेत
स्टेजवर एक खुर्ची कमी पडली
आणि आबा हातातल्या कागदाकडे बघत बसले.
निवडून भलताच आला, एकशे बारा मतांनी.
आबा अधिक काका, ही बेरीज
मी अजून अधूनमधून करतो.

परवा माग बंद झाल्यावर आबा आत आले.
‘काय करायलास एवढ्या रात्री?’
खुर्ची दिली. बसले. चष्मा पुसला.
पडद्यावर नेमका नारळ आलेला.
प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं त्यांनी,
मग बराच वेळ काही नाही,
मग तिसरा दाबला.

सातव्या वर्षी दार उघडलं.

‘मागं जाता येतंय काय ह्यात?’
‘येतंय. जिथं सेव्ह केलंय तिथवर.’
‘आणि केलंच नसलं तर?’
मी आवाज कमी करायचं बटण शोधत राहिलो,
आवाज मुळातच बंद होता.

इराण्णाची फाईल आज आली.
रुसव्यापुढं त्यानं लिहिलंय मुनिसु.
त्याच्याही घरी चाळिशीला जेवायला येत नाहीत म्हणे.

नव्या आवृत्तीत एक चौथा पर्याय टाकलाय:
आपण उठावं, आपली खुर्ची द्यावी.
‘नारळाचा आणि खुर्चीचा काय संबंध?’
इराण्णानं विचारलंय.
परिणामाच्या रकान्यात
अजून काही भरलेलं नाही.